गाण्याच्या कमाईतून उभे राहिलेले समाधिमंदिर : बंगळूर नागरत्नम्मा यांचे जीवनकार्य

तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले तिरुवैयारु हे गाव कर्नाटक संगीताच्या उपासकांचे तीर्थक्षेत्र मानले जाते. दरवर्षी पौष वद्य पंचमीला देशभरातील शेकडो गायक-वादक येथे एकत्र येतात, संतकवी त्यागराजांच्या समाधीसमोर दोन बाजूंना रांगा करून बसतात आणि त्यांच्या पाच रचना एका स्वरात गातात. ही सेवा मानधनासाठी नसते. नामवंत आणि नवशिके एकाच जमिनीवर बसतात, स्त्रिया आणि पुरुष एकत्र गातात. आज स्वाभाविक वाटणारे हे दृश्य शंभर वर्षांपूर्वी अशक्य होते. त्या काळी समाधीवर धड छप्पर नव्हते आणि तेथे गाण्याची मुभा स्त्रियांना नव्हती. या दोन्ही गोष्टी पालटल्या, त्यांत सर्वांत मोठा वाटा बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेचा होता.

नागरत्नम्मा यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८७८ रोजी म्हैसूर संस्थानातील नंजनगूड येथे झाला. त्यांची आई पुट्टलक्ष्मी देवदासी परंपरेतील होती. वडील सुब्बराव हे वकील होते; परंतु त्यांनी मायलेकींची साथ लवकरच सोडली. पुढे म्हैसूर दरबारातील विद्वान गिरिभट्ट तिम्मय्या शास्त्री यांच्या आश्रयाने या मुलीला संस्कृतचे आणि संगीताचे प्रारंभिक शिक्षण मिळाले. तो आश्रयही टिकला नाही. तरीही आईने मुलीच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. कन्नड ही घरची भाषा. तिच्या जोडीला तेलुगू आणि इंग्रजीचा अभ्यास झाला, गायनाबरोबर नृत्याचीही तालीम झाली. नागरत्नम्मा चौदा वर्षांच्या असताना आईचे निधन झाले आणि व्हायोलिनवादक असलेल्या मामांनी त्यांचा सांभाळ केला.

त्यांचे गुरू मुनिस्वामप्पा हे वालाजापेट येथील शिष्यपरंपरेतील होते. ही परंपरा थेट त्यागराजांच्या शिष्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे त्यागराजांची पदे नागरत्नम्मांकडे गुरुमुखातून आलेला वारसा म्हणून आली. किशोरवयातच म्हैसूर दरबारात त्यांचे गायन झाले. पुढे बंगळूर आणि त्यानंतर मद्रास ही त्यांची कर्मभूमी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मद्रासच्या संगीतविश्वात त्यांचे नाव अग्रभागी होते. ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. दक्षिण भारतभर त्यांच्या हजाराहून अधिक मैफली झाल्या. स्वतःच्या कमाईवर मानाने जगणारी आणि प्राप्तिकर भरणारी कलावती म्हणून त्यांची ख्याती होती.

त्यांच्या स्वभावातील करारीपणा समाजाला प्रथम दिसला तो एका ग्रंथाच्या निमित्ताने. या प्रकरणाचा संबंध तंजावरच्या मराठी राजवटीशी आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर येथे स्थापन केलेल्या या राज्यात तेलुगू, तमिळ, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांतील साहित्याला आश्रय मिळाला. अठराव्या शतकात प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी मुद्दुपळनी नावाची विदुषी होती. तिने राधा आणि कृष्ण यांच्या प्रेमावर ‘राधिका सांत्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची आवृत्ती निघाली, तेव्हा त्यातून कवयित्रीने स्वतःविषयी सांगितलेला मजकूर आणि अनेक पद्ये वगळण्यात आली होती.

नागरत्नम्मांनी मूळ हस्तलिखित मिळवले, त्याचे परिश्रमपूर्वक संपादन केले आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनसंस्थेकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. तेलुगू समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी या काव्यातील शृंगारावर आणि ते एका गणिकेने लिहिल्यावर टीका केली होती. असाच शृंगार पुरुष कवींच्या ग्रंथांत कोणाला खटकत नसेल, तर केवळ कवयित्रीच्या बाबतीत तो दोष कसा ठरतो, असा प्रतिप्रश्न नागरत्नम्मांनी उपस्थित केला. ब्रिटिश सरकारने ग्रंथ अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली आणि प्रती नष्ट केल्या. ही बंदी १९४७ मध्ये, टंगुटूरी प्रकाशम मद्रास प्रांताचे प्रमुख असताना उठली. त्यानंतर १९५२ मध्ये, म्हणजे नागरत्नम्मांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ग्रंथ पुन्हा प्रकाशित झाला.

त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले ते १९२१ मध्ये. म्हैसूरचे ख्यातनाम गायक बिडारम कृष्णप्पा हे त्यांना गुरुस्थानी होते. त्यांनी तिरुवैयारुला भेट दिली आणि तेथील समाधीची दुरवस्था नागरत्नम्मांना पत्राने कळवली. १७६७ मध्ये तिरुवारूर येथे जन्मलेल्या त्यागराजांचे बहुतेक आयुष्य तिरुवैयारुलाच गेले. ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून कावेरीकाठी त्यांची समाधी बांधण्यात आली. काळाच्या ओघात ती झाडाझुडपांत हरवली. १९०३ च्या सुमारास उमयाळपुरमच्या वृद्ध शिष्यांनी तिची डागडुजी केली होती. परंतु भोवतालची जागा पुन्हा रानटी झाली होती.

हे वृत्त कळताच नागरत्नम्मा तिरुवैयारुला गेल्या. त्यांनी समाधीभोवतीची जमीन मिळवली, परिसर स्वच्छ केला आणि समाधीवर मंदिर बांधण्यास प्रारंभ केला. यासाठी त्यांनी कोणत्याही संस्थानिकापुढे हात पसरला नाही. मैफलींतून साठवलेला पैसा आणि अंगावरचे दागिने त्यांनी या कामी लावले. १९२६ मध्ये मंदिराची प्रतिष्ठापना झाली, त्यागराजांची मूर्ती स्थापन झाली आणि नित्यपूजेची व्यवस्था लागली.

कलावंतांनी स्वतःच्या मिळकतीतून सार्वजनिक कार्य उभे करण्याचे हे त्या परिसरातील एकमेव उदाहरण नव्हते. त्याच पिढीत तंजावर शहरात अब्राहम पंडितर हे ख्रिस्ती वैद्य आणि संगीतशास्त्रज्ञ कार्यरत होते. सिद्ध औषधांच्या व्यवसायातून मिळालेल्या पैशावर त्यांनी १९१२ पासून संगीत परिषदा भरवल्या, विविध पंथांच्या गायक-वादकांना आपल्या खर्चाने एकत्र बोलावले आणि १९१७ मध्ये ‘करुणामृत सागरम्’ हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही त्यांनी आपली मते मांडली. पंडितरांची श्रद्धा ख्रिस्तावर आणि नागरत्नम्मांची त्यागराजांच्या रामावर. परंतु संगीत ही ईश्वराची देणगी आहे आणि तिचे ऋण संगीतकारांनीच एकत्र येऊन फेडले पाहिजे, या भावनेत दोघांचे कार्य जुळते.

तिरुवैयारुमध्ये मात्र संगीतकारांचे ऐक्य सहज साधणारे नव्हते. तिल्लैस्थानम येथील नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर या बंधूंनी १९०८ च्या सुमारास आराधना उत्सव सुरू केला होता. परंतु लवकरच त्यांच्यात मतभेद होऊन ‘पेरिय कच्ची’ म्हणजे मोठा गट आणि ‘चिन्न कच्ची’ म्हणजे लहान गट असे दोन तट पडले. एकाच संताची पुण्यतिथी दोन स्वतंत्र उत्सवांनी साजरी होऊ लागली. दोन्ही गटांचे एका बाबतीत मात्र एकमत होते. स्त्रियांना, विशेषतः देवदासी समाजातील गायिकांना, संन्याशाच्या समाधीसमोर गाऊ द्यायचे नाही, हा तो नियम होता. परिणामी, ज्या स्त्रीने मंदिर बांधले तिलाच आराधनेत गाण्यास मज्जाव झाला.

नागरत्नम्मांनी यावर तक्रारीपुरते थांबणे नाकारले. त्यांनी १९२७ च्या सुमारास ‘पेण्गळ कच्ची’ म्हणजे स्त्रियांचा तिसरा गट स्थापन केला. त्यांच्या हाकेला अनेक देवदासी कलावती धावून आल्या. या स्त्रियांनी समाधीच्या मागील बाजूस स्वतंत्र आराधना सुरू केली. पुढच्या बाजूला पुरुषांचा आणि मागे स्त्रियांचा, अशी एकाच वास्तूभोवती वेगवेगळी गायनसेवा कित्येक वर्षे चालली. नागरत्नम्मा हरिकथाही करीत. गायन, निरूपण आणि आख्यान यांचा संगम असलेली ही कला तमिळ प्रदेशात रुजली, तिला एकोणिसाव्या शतकात तंजावरला आलेल्या मराठी कीर्तनकारांमुळे मोठे बळ मिळाले होते. नारदीय कीर्तनाचे हे दक्षिणी रूप तिरुवैयारुला एका स्त्रीच्या मुखातून ऐकू येऊ लागले.

याच काळात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा करण्याची चळवळ मद्रास प्रांतात जोर धरत होती. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला. मुलींना देवाला वाहून त्यांचे शोषण होते, हे त्यांचे प्रतिपादन खरे होते. नागरत्नम्मा मात्र मद्रास प्रांतातील देवदासींच्या संघटनेच्या नेतृत्वस्थानी राहून प्रस्तावित कायद्याला विरोध करीत होत्या. सरसकट साऱ्या समाजाला कलंकित ठरवल्यास पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विद्या आणि स्त्रियांना परंपरेने मिळालेले मालमत्तेचे हक्क दोन्ही नष्ट होतील, असे संघटनेचे म्हणणे होते. शोषण थांबवायचे असेल तर शिक्षण द्यावे, ही तिची मागणी होती. १९४७ मध्ये कायदा संमत झाला आणि देवदासी वाहण्याची प्रथा संपली. दोन्ही बाजूंना कर्तृत्ववान स्त्रिया असलेला हा संघर्ष आजही अभ्यासकांना विचार करायला लावतो.

आराधनेतील दुफळी मिटवण्याचे प्रयत्न १९४० मध्ये फळाला आले. सनदी अधिकारी एस. वाय. कृष्णस्वामी, गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर आणि रचनाकार हरिकेशनल्लूर मुत्तय्या भागवतर यांच्या पुढाकाराने तिन्ही गट एकत्र आले आणि श्री त्यागब्रह्म महोत्सव सभेची स्थापना झाली. १९४१ मध्ये पहिली एकत्रित आराधना झाली आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने गाण्याचा अधिकार मिळाला. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील पंचरत्न कृतींचे सामुदायिक गायन हा या उत्सवाचा मानबिंदू ठरला. मैफलीत कोण आधी गाणार आणि कोण नंतर, हा मानापमानाचा प्रश्न या सहगायनात उरतच नाही. मराठ्यांच्या जुन्या राज्यात, तमिळ भूमीवर, प्रामुख्याने तेलुगू भाषेतील रचना गाणाऱ्या या उत्सवासाठी कन्नड घरात जन्मलेल्या स्त्रीने आपले सर्वस्व वेचले होते.

उत्तरायुष्यात नागरत्नम्मा मद्रास सोडून तिरुवैयारुलाच राहिल्या. मैफलींचे वैभव मागे टाकून त्यांनी समाधीची पूजाअर्चा आणि देखभाल हेच जीवितकार्य मानले. ‘विद्यासुंदरी’ आणि ‘त्यागसेवासक्ता’ या बिरुदांनी लोक त्यांना ओळखत. निधनापूर्वी काही वर्षे त्यांनी मृत्युपत्र करून आपली संपत्ती समाधीच्या सेवेसाठी विश्वस्तांच्या हाती सोपवली. देवदासी समाजातील स्त्रियांसह सर्व स्त्रियांचा तेथे पूजा करण्याचा आणि गाण्याचा अधिकार अबाधित राहावा, याची तरतूद करण्यास त्या विसरल्या नाहीत. स्वतः भोगलेला मज्जाव पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये, ही त्यामागील काळजी स्पष्ट दिसते.

१९ मे १९५२ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी नागरत्नम्मा यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच बांधण्यात आली. तेथे हात जोडून बसलेल्या त्यांच्या मूर्तीचे मुख त्यागराजांच्या गाभाऱ्याकडे आहे. पंचमीच्या सकाळी बासरी, वीणा, व्हायोलिन आणि मृदंगाच्या साथीने पंचरत्न कृतींचे गायन सुरू होते, तेव्हा त्या समुदायात गायिकांचे स्वर पुरुषांच्या स्वरांइतकेच ठळकपणे ऐकू येतात.