डॉ. होमी भाभा : अणुशक्ती आणि दिलेला शब्द



२४ जानेवारी ही तारीख आपल्या भंडारा जिल्ह्याला विसरता येणार नाही. २०२५ साली त्या दिवशी सकाळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामावर गेलेले ८ कामगार घरी परतले नाहीत. त्या कुटुंबांचे दुःख आपण जवळून पाहिले. स्फोटक पदार्थ म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

याच तारखेला, ५९ वर्षे आधी, म्हणजे २४ जानेवारी १९६६ रोजी, युरोपातील माँ ब्लाँ या बर्फाच्छादित पर्वतावर एअर इंडियाचे विमान आदळले. विमानातील सर्व ११७ जण मरण पावले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. ते व्हिएन्ना शहरात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. अणुशक्तीचा उपयोग माणसाच्या भल्यासाठी व्हावा आणि तिच्यापासून शस्त्रे होऊ नयेत, यासाठी ही संस्था स्थापन झाली आहे. भारताच्या अणुशक्तीचे जनक म्हणून आपण भाभांना ओळखतो. पण जगात अण्वस्त्रांना आवर घालण्याच्या प्रयत्नांतही त्यांचे स्थान मोठे आहे, आणि ते स्थान आपल्याला विचार करायला लावणारे आहे.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित, सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील वकील होते. टाटा घराण्याशी त्यांचे जवळचे नाते होते. मुलाने इंजिनिअर व्हावे आणि पुढे टाटांच्या कारखान्यात काम करावे, अशी घरची इच्छा होती. त्यासाठी १९२७ साली त्यांना इंग्लंडमध्ये केंब्रिजला पाठवण्यात आले. तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरिंगची परीक्षा चांगल्या रीतीने पास व्हायची, मग हवे ते शिकायचे. होमीने १९३० साली अट पूर्ण केली आणि वडिलांनीही आपला शब्द पाळला.

केंब्रिजमध्ये भाभांनी अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांवर मोलाचे संशोधन केले. वयाच्या ३१ व्या वर्षी, १९४१ साली, त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. ते केवळ शास्त्रज्ञ नव्हते. ते चित्रे काढीत, पाश्चात्य संगीताचे जाणकार होते आणि झाडांवर त्यांचे अतिशय प्रेम होते. ते आयुष्यभर अविवाहित राहिले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले होते. त्याच वेळी दुसरे महायुद्ध पेटले आणि परतण्याची वाट बंद झाली. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्याजवळ त्यांनी काम सुरू केले. आपल्या देशातच उत्तम विज्ञान उभे राहिले पाहिजे, हा विचार तेथे पक्का झाला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ती बंगळूरहून मुंबईला आली.

त्याच वर्षी जगाने अणुबॉम्ब पाहिला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. नागासाकीचा उराकामी भाग ही जपानमधील कॅथोलिकांची सर्वांत मोठी वस्ती होती. बॉम्ब फुटला तेथून त्यांचे महामंदिर सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. त्यासाठी प्रायश्चित्त संस्काराला आलेले भाविक आणि त्यांचे धर्मगुरू मंदिरातच मरण पावले. त्या धर्मग्रामातील सुमारे १२ हजार श्रद्धावंतांपैकी ८ हजारांहून अधिक जण त्या एका बॉम्बने गेले.

भाभांना अणुशक्ती हवी होती ती विजेसाठी, उद्योगासाठी, गरीब देशाच्या उन्नतीसाठी. ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पंतप्रधान पंडित नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहिले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली.

१९५५ साल त्यांच्या आयुष्यातील मोठ्या मानाचे. अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे भरली. ७३ देशांचे प्रतिनिधी आले. अमेरिका आणि रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत होते, पण त्यांचे शास्त्रज्ञ येथे एका सभागृहात बसले आणि इतकी वर्षे कुलूपबंद ठेवलेली माहिती एकमेकांना सांगू लागले. या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. भाभा. स्वातंत्र्य मिळून जेमतेम ८ वर्षे झालेल्या देशाचा, ४५ वर्षांचा हा माणूस.

पण येथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. विजेसाठी लागणारी अणुभट्टी आणि बॉम्ब यांच्यात भिंत फार पातळ असते. भट्टीत युरेनियम जळते तेव्हा त्यात प्लुटोनियम तयार होते. ते वेगळे काढले तर पुन्हा इंधन म्हणून वापरता येते, आणि बॉम्बसाठीही. मग एखाद्या देशाने ते कशासाठी वापरले, हे कोण पाहणार?

१९५६ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत असताना या प्रश्नावर मोठा वाद झाला. बाहेरच्या निरीक्षकांनी प्रत्येक टप्प्यावर कडक तपासणी करावी, असे बड्या राष्ट्रांचे म्हणणे होते. भाभांनी याला ठाम विरोध केला. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांच्या घरात कोणी डोकावणार नाही आणि जे गरीब देश मदत घेतील त्यांच्याच घराची झडती होईल, हा कोणता न्याय, असा त्यांचा मुद्दा होता. नुकतेच पारतंत्र्यातून सुटलेल्या देशाच्या माणसाला हे खटकणे साहजिक होते. अखेर तडजोड झाली आणि तपासणीचे नियम काहीसे सैल झाले. १९५७ साली संस्था सुरू झाली. भारत तिचा संस्थापक सभासद झाला, आणि व्हॅटिकनसुद्धा.

त्याच १९५६ साली कॅनडाने ट्रॉम्बे येथे मोठी अणुभट्टी उभारून देण्याचा करार केला. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले. ही भट्टी सायरस या नावाने ओळखली जाते. ती १९६० साली सुरू झाली. तिचा उपयोग शांततेसाठीच करू, असा शब्द भारताने दिला. बाहेरून येऊन तपासणी करण्याची अट मात्र करारात नव्हती. पुढे १९६३ साली तारापूरच्या वीजकेंद्रासाठी अमेरिकेशी करार झाला, तेव्हा तपासणीची अट मान्य करण्यात आली. तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे मुंबईपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी दोन वेगळ्या रीती चालू होत्या. तारापूरला दिलेला शब्द आणि त्यावर पहारा होता. ट्रॉम्बेला नुसता शब्द होता.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. दोनच वर्षांपूर्वी चीनशी झालेल्या युद्धाची जखम अजून ताजी होती. देशात खळबळ माजली. २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनी, भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. परदेशात प्रसिद्ध झालेल्या आकड्यांच्या आधारे त्यांनी सांगितले की ५० अणुबॉम्बचा साठा १० कोटी रुपयांच्या आत होऊ शकतो. त्याच भाषणात त्यांनी जगाने निःशस्त्रीकरणाकडे वळावे, असेही आवाहन केले. लोकांच्या लक्षात मात्र १० कोटींचा आकडा राहिला. भट्टी, कारखाने आणि शिकलेली माणसे यांवरचा खर्च त्यात धरलेला नव्हता, हे पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बॉम्ब बनवण्यास नकार दिला. शांततामय कामासाठी अणुस्फोट करता येईल का, एवढ्या अभ्यासाला मात्र मान्यता दिली.

११ जानेवारी १९६६ रोजी शास्त्रीजी ताश्कंदला वारले. १३ दिवसांनी भाभाही गेले. त्यांचे वय ५६ होते. १९६७ साली ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

शब्द देणारी माणसे गेली. शब्द मागे राहिला.

१९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १९६७ सालाआधी ज्यांनी स्फोट केला त्या ५ देशांकडे अण्वस्त्रे राहतील, इतरांनी ती बनवू नयेत आणि त्या पाचांनी निःशस्त्रीकरणासाठी मनापासून बोलणी करावीत, असे त्यात ठरले. भारताने सही केली नाही. कारण तेच, जे भाभांनी पूर्वी मांडले होते: नियम सर्वांना सारखा नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने भूमिगत स्फोट केला. त्यातील प्लुटोनियम सायरस भट्टीतून आले होते. स्फोट शांततामय आहे, दिलेला शब्द मोडलेला नाही, असे भारताने सांगितले. कॅनडाला ते पटले नाही. त्याने सहकार्य थांबवले. त्यानंतर अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन कडक नियम केले. १९९८ च्या मे महिन्यात भारताने पुन्हा चाचण्या केल्या आणि काही दिवसांतच पाकिस्ताननेही केल्या.

आज जगातील ९ देशांकडे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. १९८६ च्या सुमारास ती ७० हजारांच्या आसपास होती. म्हणजे करार आणि तपासणी यांचा उपयोग झालाच नाही, असे म्हणता येत नाही. आपल्या शेजारचेही एक उदाहरण आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने १९८८ साली केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. कितीही वितुष्ट आले तरी ही प्रथा टिकली.

ख्रिस्तसभेची भूमिका या काळात अधिकाधिक स्पष्ट होत गेली. एप्रिल १९६३ मध्ये संत पोप तेविसावे जॉन यांनी पृथ्वीवरील शांतीविषयीच्या परिपत्रकात अण्वस्त्रांवर बंदी घालण्याची आणि परस्पर तपासणीसह निःशस्त्रीकरण करण्याची मागणी केली. व्हॅटिकन १९७१ साली प्रसारबंदी करारात सामील झाले. अण्वस्त्रांवर पूर्ण बंदी घालणाऱ्या २०१७ च्या नव्या करारावर सही करून त्याला लगेच मान्यता देणाऱ्या पहिल्या राष्ट्रांत ते होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस नागासाकी आणि हिरोशिमा येथे गेले. अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, तर ती जवळ बाळगणेही नीतीला धरून नाही, असे त्यांनी तेथे सांगितले.

भाभांच्या आयुष्याचा न्याय करणे हे आपले काम नाही. त्यांच्या ज्ञानातून वीज आली, कर्करोगावरील उपचारांना साहाय्य झाले, आपल्या मुलामुलींना आपल्याच देशात विज्ञानाची दारे उघडली. सर्वांना सारखा नियम हवा, ही त्यांची मागणी न्यायाची होती आणि ती आजही पूर्ण झालेली नाही. पण ज्या तपासणीला त्यांनी अपमान मानले, ती नसल्यामुळे त्यांच्या पश्चात दिलेल्या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. हिशेब दाखवण्यात अपमान नाही. आपल्या मंडळाचे, बचत गटाचे, धर्मग्रामाच्या निधीचे हिशेब आपण सर्वांपुढे ठेवतो. आपला एकमेकांवर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर आपल्यानंतर येणाऱ्यांचाही विश्वास टिकावा म्हणून. हा नियम दुबळ्यांना लागू आणि बलवानांना माफ असता कामा नये, एवढेच.

येत्या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी जवाहरनगरच्या त्या ८ कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना आठवू या. उराकामीच्या भाविकांना आठवू या. ज्यांच्या हाती ही भयंकर शस्त्रे आहेत, त्यांना ती खाली ठेवण्याची सुबुद्धी मिळावी, आणि जे करार करतात त्यांना दिलेला शब्द पाळण्याचे बळ मिळावे, अशी प्रार्थना करू या.