लाफ्काडिओ हर्न ऊर्फ कोइझुमी याकुमो

परक्या देशांतील गरीब दर्यावर्दी लोकांच्या समजुती आदरानें टिपून ठेवणारे लेखक विरळा. अशांपैकीं एकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजीं लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. वडील आयरिश लष्करी डॉक्टर व आई ग्रीक. आईबापांची ताटातूट झाल्यानें वडिलांच्या मावशीनें त्यांस डब्लिन येथें वाढविलें. शाळेंत इजा होऊन त्यांचा डावा डोळा गेला. पुढें १८६९ सालीं ते अमेरिकेस गेले व हलाखींत दिवस काढून वृत्तपत्रांत नांवारूपास आले. १८९० सालीं ते जपानांत येऊन मात्सुए येथें शिक्षक झाले, तेथील सेत्सु नांवाच्या स्त्रीशीं त्यांनीं विवाह केला व १८९६ सालीं ते जपानी प्रजाजन बनले.

१८९७ सालापासून सुटींत ते याइझु या मासेमारीच्या गांवीं जात व ओतोकिची या मासळीविक्याच्या माडीवर राहात. बोन नांवाच्या सणांत पितर घरीं येतात अशी तेथील श्रद्धा. त्यांस निरोप देण्यासाठीं शेवटच्या रात्रीं कागदी दिवे समुद्रांत सोडीत. एका वर्षीं हर्न यांस झोप लागली व दिवे दूर गेले; तेव्हां ते काळोखांत पोहत त्यांच्या मागें गेले! जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तर सणानंतर कोळी होडीच काढीत नसत. चुकून समुद्रांत राहिलेल्या नावेपाशीं बुडालेल्यांचे आत्मे बादली मागतात, आणि ती बूड काढूनच द्यावी, नाहींतर तिनेंच पाणी भरून ते नाव बुडवितात, अशी समजूत होती. हर्न यांस जपानी वाचन बेताचेंच येई. सेत्सुबाई कथा सांगत व ते इंग्रजींत लिहीत. २६ सप्टेंबर १९०४ रोजीं तोकियो येथें त्यांचें निधन झालें.

आज नावांना यंत्रें आलीं, तरुण शहरांत गेले. कित्येक ठिकाणीं पाणी स्वच्छ राहावें म्हणून सोडलेले दिवे पुन्हां गोळा करतात. ओतोकिचीचें घरही याइझुंत राहिलें नाहीं. तें मेइजी-मुरा या संग्रहालयांत हलविलें आहे. मात्र त्या किनाऱ्याची श्रद्धा हर्न यांच्या पुस्तकांत शाबूत आहे. समजूत आपणांस पटो वा न पटो, ती बाळगणाऱ्या माणसाचा मान राखावा, हा धडा या एकाक्ष शिक्षकाच्या चरित्रांतून आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावा.