चिमणीच्या रक्तातून उलगडलं हिवतापाचं कोडं : डॉ. रोनाल्ड रॉस यांची जीवनकथा

बाळकुम : पावसाळा सुरू झाला की खाडीकाठच्या गावांत थंडीतापाचे रुग्ण दिसू लागतात. बाळकुममध्ये भातशेती होती तेव्हाही हे होतं, आज टॉवर उभे राहिले तरी आहे. ताप आला की डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. घरी कुणीतरी म्हणतंच, डास चावला असेल. हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी ते कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. ते सिद्ध झालं आपल्याच देशात, आणि तेही चिमण्यांच्या रक्तातून. ते सिद्ध करणारे डॉक्टर म्हणजे सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोड्याचा. वडील इंग्रजी फौजेत अधिकारी. आठव्या वर्षी पोराला शिकायला विलायतेला पाठवलं. त्याला कविता आणि चित्रांचा नाद, डॉक्टरकीत मन नव्हतं. पण वडिलांच्या हट्टापुढे काही चाललं नाही. लंडनमध्ये शिक्षण उरकून 1881 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. बंगळुरूला असताना बंगल्यात डास फार झाले. बाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या दिसल्या. पाणी ओतून टाकलं तसे डास कमी झाले. साधीच गोष्ट, पण मनात राहिली.

त्या काळी हिवताप दलदलीच्या वाईट हवेमुळे होतो असा समज होता. मलेरिया या शब्दाचा अर्थही तोच, खराब हवा. 1880 मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हरान यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी जंतू दिसले. पण ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे? 1894 मध्ये लंडनला डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी रॉस यांना ते जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि डासावर आपला संशय असल्याचं सांगितलं. बस्स, रॉस यांना ध्यास लागला. 1895 मध्ये मुंबई बंदरात उतरल्यावर सामान कस्टममधून सुटायच्या आधीच ते हिवतापाचे रुग्ण शोधत इस्पितळात पोचले होते.

सिकंदराबादला त्यांनी शेकडो डास फाडून तपासले. उकाडा भयंकर, पण पंखा चालवायची सोय नाही, कारण वाऱ्यानं डास उडून जायचे. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घेण्याबद्दल चाव्यामागे एक आणा मिळत असे. अखेर 20 ऑगस्ट 1897 रोजी एका वेगळ्या जातीच्या डासाच्या पोटाच्या भिंतीवर काळसर ठिपक्यांच्या गोल पेशी दिसल्या. माणसाच्या रक्तातला जंतू डासात वाढत होता! म्हणूनच 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन.

आता काम पुरं होणार, तोच बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यातल्या खेरवाड्याला, जिथे हिवतापाचे रुग्णच जेमतेम! तिथेही ते गप्प बसले नाहीत, कबुतरांचं रक्त तपासू लागले. मॅन्सन यांनी विलायतेत खटपट केली आणि 1898 च्या सुरुवातीला रॉस यांना कलकत्त्यात प्रयोगशाळा मिळाली. पण तिथं दुसरंच संकट. प्लेगची लस टोचण्यावरून लोक बिथरलेले. साहेब सुई घेऊन आला म्हटलं की रुग्ण बोट टोचून घ्यायला तयार होईनात.

मग रॉस पुन्हा पाखरांकडे वळले. चिमण्या, चंडोल आणि कावळ्यांनाही स्वतःचा हिवताप असतो. त्याचा जंतू माणसाला होत नाही, पण वाढतो माणसाच्या जंतूसारखाच. आजारी चिमण्यांचे पिंजरे मच्छरदाणीत ठेवून आत डास सोडले. मग रोज थोडे डास फाडून पाहिलं. जंतू पोटाच्या भिंतीवर गाठीसारखा वाढतो, गाठ फुटते आणि दोऱ्यासारखे बारीक जंतू अंगभर पसरतात. ते जातात कुठं? 4 जुलै 1898 च्या सुमारास उत्तर मिळालं. डासाच्या लाळेच्या ग्रंथीत! म्हणजे डास रक्त पिताना लाळ सोडतो, तेव्हाच जंतू आत शिरतो. तेच डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, तर काही दिवसांत बहुतेक चिमण्यांच्या रक्तात जंतू सापडले. कोडं सुटलं.

त्याच वर्षाअखेरीस इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलीस डासातून पसरतो हे दाखवलं. श्रेय कुणाचं यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात कडू भांडण झालं, ते वर्षानुवर्षं चाललं. 1902 चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. डास पकडणारे, पिंजरे सांभाळणारे महंमद बक्ष आणि सहकारी किशोरी मोहन बंदोपाध्याय यांची नावं मात्र आज फारशी कुणाला माहीत नाहीत.

1899 मध्ये रॉस यांनी भारत सोडला. लिव्हरपूलला शिकवलं, देशोदेशी फिरून डबकी बुजवा, साचलेलं पाणी काढा, हेच सांगत राहिले. त्याची आठवण मुंबईलाही लवकरच झाली. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांच्या अहवालात शहरातल्या विहिरी डासांचं माहेरघर असल्याचं पुढे आलं आणि विहिरी झाकण्या-बुजवण्यावरून बराच वाद पेटला. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये रॉस यांचं निधन झालं.

पाखरांचा हिवताप आजही संपलेला नाही. हवाई बेटांवर परके डास पोचले, पाठोपाठ हा जंतू आला. तिथल्या रानपाखरांना त्याची सवय नव्हती, त्यामुळे कित्येक गाणाऱ्या जाती कायमच्या नाहीशा झाल्या. आपल्याकडच्या चिमण्या त्याच्याशी बऱ्याच अंशी जुळवून घेतात.

त्याच चिमण्यांनी माणसाला वाट दाखवली. रॉस यांनी बंगळुरूत पिंप ओतून टाकलं होतं. बाळकुमच्या गच्चीवरचा टायर, कुंडीखालची ताटली आणि उघडी टाकी यांनाही तोच इलाज लागू आहे, आठवड्यातून एकदा पाणी ओतून कोरडं करायचं.