अरण्याकडून शेती शिकलेले सर अल्बर्ट हॉवर्ड

विद्यार्थी मित्रांनो, इंदूरचे कृषी महाविद्यालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच जमिनीवर सुमारे शंभर वर्षांपूर्वी काडीकचऱ्यापासून खत करण्याची एक पद्धत तयार झाली आणि ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. ती घडविणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड. आपल्या बेटम्यापासून इतक्या जवळ झालेल्या या कामाची ओळख आपल्या मुलांना असावी, म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १८९९ साली वेस्ट इंडीजमध्ये गेले. पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे हे तेथे त्यांचे काम होते. परंतु हाताखाली स्वतःची जमीन नव्हती. शेतकऱ्याला जो उपाय सांगायचा, तो आधी स्वतः करून पाहता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला सतत खटकत राहिली.

१९०५ मध्ये ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि प्रयोगासाठी सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजच्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. या दांपत्याने पुसा ४, पुसा १२ असे गव्हाचे सुधारित वाण तयार केले. मात्र हॉवर्ड यांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. आसपासचे बिहारी शेतकरी कोणतीही औषधे फवारत नसत, तरीही त्यांची पिके बहुधा निरोगी असत. या शेतकऱ्यांना हॉवर्ड यांनी आपले गुरू मानले. कीड आणि रोग हे शत्रू नसून आपली जमीन व मशागत कोठे चुकते ते दाखविणारे शिक्षक आहेत, असे त्यांचे मत बनत गेले.

पुसा येथे वाणांचा अभ्यास एका खात्यात, मातीचा दुसऱ्या आणि किडींचा तिसऱ्या खात्यात चाले. रोपाचा समग्र विचार कोणी करीत नसे. म्हणून हॉवर्ड यांनी नव्या संस्थेची कल्पना मांडली. होळकर दरबाराने इंदूरला ३०० एकर जमीन दिली, कापूस समितीने पैसा पुरविला आणि १९२४ साली संस्था उभी राहिली. तिचे संचालक म्हणून हॉवर्ड १९३१ पर्यंत इंदूरला होते.

आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, तण यांना तोटा नव्हता. परंतु शेण बहुतेक चुलीत जाई. हॉवर्ड यांनी पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या आणि त्या बैलांखाली अंथरल्या. मग हा सारा काडीकचरा, थोडे शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यांत रचले. ओलावा आणि हवा यांचे प्रमाण सांभाळून ढीग तीनदा पालटला की सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार होई. शेण थोडेच लागे, म्हणून ही पद्धत गरीब शेतकऱ्यालाही जमण्यासारखी होती.

या कामात हॉवर्ड एकटे नव्हते. रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे नाव ऐकताच आपल्या कानाला ओळखीचे वाटते. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवर जे पुस्तक निघाले, त्यावर लेखक म्हणून हॉवर्ड व वाड अशी दोन्ही नावे आहेत. पुढे पद्धतीबरोबर हॉवर्ड यांचे नाव राहिले आणि वाड मागे पडले. इंदूरच्या मराठी माणसांनी तरी त्यांना विसरू नये. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरला आले असता ही संस्था पाहिली होती.

एवढ्याशा खताने पीक इतके का सुधारते, याचे उत्तर मात्र हॉवर्ड यांना इंग्लंडमध्ये परतल्यावर, पाइनच्या रोपांपाशी सापडले. पाइन, देवदार, फर अशा सुईसारख्या पानांच्या वृक्षांना सूचिपर्णी म्हणतात. अशा वृक्षांच्या मुळांवर बुरशीचे आवरण असते. झाड बुरशीला साखर देते आणि बुरशी आपल्या बारीक धाग्यांनी दूरवरचे पाणी व क्षार आणून देते. या जोडीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ असे नाव दिले. दक्षिण इंग्लंडमध्ये वेअरहॅम येथील नापीक माळावर लावलेले पाइन खुरटत होते. डॉ. रेनर या विदुषींनी तेथे थोडे कंपोस्ट घातले, तेव्हा मुळांवर निरोगी बुरशी वाढली आणि रोपे जोमाने उठली. हे काम समजल्यावर हॉवर्ड यांनी चहा, कापूस, ऊस अशा पिकांची मुळेही तपासून घेतली. तेथेही बुरशीची सोबत आढळली, फक्त ती मुळांच्या आत शिरणारी होती. आपल्या शेतातील गहू, हरभरा आणि सोयाबीन यांनाही अशीच सोबत असते.

येथे अरण्याचा धडा पूर्ण झाला. अरण्याला कोणी खत घालत नाही. पडलेले पान तेथेच कुजते, बुरशी व जीवजंतू ते मातीत मिळवितात आणि माती पुन्हा झाडाला देते. शेतीनेही असेच वागावे, हा विचार हॉवर्ड यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे प्रत्येक मत बरोबर ठरले असे नाही. बुरशीचे धागे मुळांत पचून पिकाला थेट प्रथिने मिळतात, हा त्यांचा समज पुढे टिकला नाही. रासायनिक खतांना त्यांनी केलेला सरसकट विरोधही सर्वांना मान्य झाला नाही. परंतु मूळ दिशा खरी निघाली. १९९७ साली कॅनडातील सुझान सिमार्ड यांनी जंगलात प्रयोग करून दाखविले, की बर्च आणि डग्लस फर या दोन जातींच्या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते आणि सावलीत अन्न कमी पडलेल्या फरला बर्चकडून अधिक मिळते. यात बुरशीच्या धाग्यांचा वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मुळे आणि बुरशी यांच्या मैत्रीविषयी मात्र वाद नाही.

आता थोडे आपल्याविषयी. गहू निघाला की आपल्या भागात नरवाई पेटविली जाते. शासनाने मनाई केली तरी धूर दिसतोच. पेरणीची घाई, मजुरांची टंचाई या शेतकऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि आम्ही त्या जाणतो. परंतु त्या आगीत खताचा कच्चा माल जातो आणि वरच्या थरातील जीवसृष्टीही होरपळते. ज्या मातीतून जगाने काडीकचरा न जाळण्याची विद्या घेतली, त्याच मातीत ही आग लागावी, हे आम्हांला बोचते.

पालकांना आमची विनंती आहे, की सगळ्या शेताचे जमले नाही तरी एका बिघ्याची नरवाई यंदा जाळू नये, खड्ड्यात घालावी. विश्वस्त मंडळींनी शाळेच्या आवारात एका खड्ड्यापुरती जागा द्यावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, तो खड्डा तुम्ही भरा, वेळेवर पालटा आणि वहीत नोंद ठेवा. तीन महिन्यांनी जे हाती येईल, ते एका वाफ्यात घालून शेजारच्या वाफ्याशी ताडून पाहा. शेतकऱ्याला सांगण्याआधी स्वतः करून पाहावे, हाच तर हॉवर्ड यांचा आयुष्यभराचा आग्रह होता.