पॅरिसचा कारभारी आणि घरधन्याचा हक्क

शहरांतील घर एका धन्याचें असलें, तरी त्याच्या दारावरून जाणारा रस्ता सर्वांचा असतो. या दोन हक्कांचा तंटा जेथें उभा राहतो, तेथेंच नगरशासनाची खरी परीक्षा होते. या दृष्टीनें पॅरिसचा विख्यात अधिकारी बॅरन हौसमान याचें चरित्र बोधप्रद आहे.

हौसमानचा जन्म पॅरिस येथें १८०९ सालीं झाला. तिसऱ्या नेपोलियन बादशहानें १८५३ सालीं त्याला राजधानीचा मुख्य अधिकारी नेमिलें. जुन्या पॅरिसच्या गल्ल्यांत त्या वेळीं ऊनवारा शिरत नसे. १८३२ व १८४९ सालच्या पटकीनें तेथें हजारों माणसें बळी घेतलीं होतीं. हौसमाननें रुंद राजमार्ग काढिले, भुयारी गटारें बांधविलीं, दूरच्या झऱ्यांचें पाणी आणविलें. स्वतःचें जन्मघर पाडण्यासही त्यानें मागेंपुढें पाहिलें नाहीं.

१८५२ च्या हुकुमान्वयें, रस्त्याकडेचा उरलेला तुकडा निरोगी घर बांधण्यास अपुरा असल्यास तोही शहरास घेतां येई. नव्या रस्त्यामुळें अशा जमिनीची वाढणारी किंमत शहराच्या तिजोरींत पडावी, असा हौसमानचा हिशेब होता. घरधन्यांनीं आपला हक्क पुढें केला. १८५८ सालीं निर्णय त्यांच्या बाजूनें झाला व रस्त्यास न लागलेली जमीन त्यांस परत मागतां येऊं लागली. भरपाई ठरविणारे पंचही मिळकतदारच. त्यांचा हात सढळ असे. अर्थात् खर्च शहराचा आणि नफा घरधन्याचा! कर्ज वाढलें, कर्जाच्या आडमार्गांविषयीं गिल्ला झाला, आणि १८७० च्या जानेवारींत हौसमान पदच्युत झाला. १८९१ सालीं तो वारला.

या तंट्यांत तिसराही एक पक्ष होता. पट्टा असलेल्या दुकानदारास भरपाई मिळे. पण पट्ट्यावांचून खोलींत राहणाऱ्या मजुराची दाद कोणीं घेतली नाहीं. वाढत्या भाड्यापुढें तो शहराच्या कडेला हटला.

प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हां येथेंही तोच अनुभव आला. रस्ते रुंद झाले. पण पाडलेल्या खोल्यांच्या मानानें नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या.

घरधन्यास रास्त मोबदला द्यावा, हें न्याय्यच आहे. परंतु लोकांच्या पैशानें वाढलेल्या किंमतीचा वाटा लोकांस मिळावा, आणि भाडेकऱ्याचें एक छप्पर उतरण्यापूर्वीं दुसरें उभें असावें, हेंही तितकेंच न्याय्य आहे. ज्या नगरसुधारणेंत या तिघांपैकीं एकाचाही विसर पडतो, ती सुधारणा अपुरीच होय.