मातीचे पथ्य आणि भाऊसाहेब

औषधापेक्षा पथ्य स्वस्त, हे खरे. पण पथ्य पाळायलाही घरात चार पैसे लागतात. शेताचे तसेच आहे. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उघड्या उताराच्या शेतातून ती काही पावसाळ्यांत वाहून जाते. ती अडवायला बांध हवा. कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याने त्याचा खर्च कोठून करायचा? डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख या प्रश्नाच्या दोन्ही टोकांना भिडले.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. अमरावती आणि पुण्यात शिकून ते इंग्लंडला गेले. बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या विकासावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली आणि वऱ्हाडात परतले. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले; शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे आली. कापसाचे भाव कोसळले होते, सावकाराचे व्याज मात्र वाढत होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९३३ मध्ये कर्जलवाद कायदा आला आणि सावकार व शेतकरी यांच्यात तडजोडीची वाट निघाली. अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थाही त्याच काळात उभी राहिली.

१९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे त्यांनी केंद्रात शेतीचे काम पाहिले. १९५३ मध्ये केंद्रीय मृदसंधारण मंडळ स्थापन झाले. माती अडवणे हे शेतकऱ्याचे खासगी काम न राहता सरकारी योजनांचा भाग बनले. बांधबंदिस्तीसाठी कर्ज आणि अनुदान देण्याची पद्धत रुजली. यामागचे तर्कशास्त्र लसीकरणासारखे आहे. एका शेतातला बांध खालच्या शेतालाही वाचवतो, धरणातला गाळ कमी करतो. लाभ सगळ्यांचा असेल, तर खर्चाचा वाटाही सगळ्यांनी उचलायला हवा.

१० एप्रिल १९६५ रोजी भाऊसाहेबांचे निधन झाले. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ उभे राहिले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या विद्यापीठाच्या परिसरातच पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या भागात विहिरीचे पाणी खारट. ते पिकाला मानवत नाही, पिणाऱ्याच्या मूत्रपिंडाचीही काळजी लागते. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे हा इथला पिकासाठीचा खरा उपाय. २०१८ पासून ‘पोकरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून त्यासाठी अनुदान मिळू लागले.

पण बहुतेक अनुदाने काम पूर्ण झाल्यावर, तपासणीनंतर खात्यात जमा होतात. आधीचा खर्च शेतकऱ्याचाच. हाती पैसा नसेल तर तो पुन्हा व्याजाने काढावा लागतो. हप्ता लांबला की झोप उडते, भूक मरते, रक्तदाब वाढतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भात ही बाब किरकोळ नाही. कर्जलवाद आणि मृदसंधारण ही दोन्ही कामे भाऊसाहेबांच्या एकाच आयुष्यात सापडतात. अनुदान वेळेवर पोचले, तरच मातीचे पथ्य माणसाला सोसवते.