पाटीवरचे नाव, पडद्यामागचे धनी

लास वेगासच्या वैभवकाळात विल्बर क्लार्क हे नाव ठाऊक नसलेला पाहुणा विरळाच. डेझर्ट इन या आलिशान हॉटेलच्या पाटीवर, जाहिरातींत, आगपेट्यांवर आणि चित्रपत्रांवरही तेच नाव झळके. दारात उभा राहून हसतमुखाने हस्तांदोलन करणारा हा यजमानच या साम्राज्याचा स्वामी, अशी सर्वसामान्यांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या साम्राज्यातील त्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता. उरलेल्या तीन हिश्शांचे धनी कोण, हे कळण्यासाठी क्लार्कचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

विल्बर क्लार्कचा जन्म १९०८ साली इलिनॉय राज्यातील कीस्पोर्ट या लहानशा गावी झाला. घरची परिस्थिती बेताची. कोवळ्या वयातच त्याने पश्चिमेची वाट धरली. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे हॉटेलात पाहुण्यांचे सामान वाहण्यापासून त्याने सुरुवात केली. पुढे तो फाशांच्या टेबलावर डाव चालवू लागला, मग त्याने मद्यालये काढली. माणसे जोडण्याची विलक्षण हातोटी हेच त्याचे भांडवल होते. नेव्हाडा राज्याने १९३१ साली जुगाराला कायदेशीर मान्यता दिलेली होती. १९४०च्या दशकात क्लार्क लास वेगासला आला, एल रांचो वेगस या हॉटेलात त्याने काही काळ भागीदारी केली आणि स्वतःच्या नावाचे भव्य हॉटेल उभारण्याचा ध्यास घेतला.

१९४७ साली बांधकामास प्रारंभ झाला, परंतु स्वप्नाच्या मानाने खिसा फारच लहान निघाला. पैसा संपला. अर्धवट उभा राहिलेला सांगाडा वाळवंटातील उन्हात दीर्घकाळ तसाच पडून राहिला. बँका जुगाराच्या धंद्याला कर्ज देण्यास धजावत नसत. अशा वेळी १९४९ साली ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराहून मो डॅलिट्झ आणि त्याचे साथीदार पुढे सरसावले. त्यांनी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम ओतली आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मालकी आपल्याकडे घेतली. पाटीवर मात्र क्लार्कचेच नाव ठेवले.

हे साथीदार साधे गुंतवणूकदार नव्हते. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी असताना ईरी सरोवरातून चोरटी दारू आणण्याचा धंदा या टोळीने केला होता. दारूबंदी उठल्यावर तिने ओहायो आणि केंटकी येथे बेकायदा जुगारगृहे चालवली. नेव्हाडात हाच धंदा उघडपणे, सरकारी परवान्याने करता येणार होता. तिच्याजवळ अनुभव होता, रोकड होती. नव्हते ते फक्त निष्कलंक नाव. क्लार्कजवळ नेमके तेवढेच होते. राज्याच्या अधिकाऱ्यांना या भागीदारांची कल्पना नव्हती असेही नाही. तरीही परवाना मिळाला आणि २४ एप्रिल १९५० रोजी ३०० खोल्यांचे विल्बर क्लार्कचे डेझर्ट इन मोठ्या थाटात सुरू झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटित गुन्हेगारीची चौकशी करणारी सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांची समिती लास वेगासला आली. क्लार्कची साक्ष झाली. भागीदारांचा पूर्वेतिहास आणि त्यांच्या पैशाचा उगम यांविषयीच्या प्रश्नांना त्याने मोघम उत्तरे दिली. आपले हॉटेल पूर्ण व्हावे, एवढीच त्याची ओढ होती. सरकारने परवाना दिला म्हणजे गुन्हेगार आपोआप दूर होतात, हा समज नेव्हाडाच्या अनुभवाने खोटा ठरवला, असा समितीच्या निष्कर्षाचा रोख होता.

धंद्याला मात्र त्याची झळ पोहोचली नाही. १९५१ साली फ्रँक सिनात्राचा लास वेगासमधील पहिला कार्यक्रम डेझर्ट इनमध्ये झाला. १९५३ पासून तेथे विजेत्यांची गोल्फ स्पर्धा भरू लागली आणि पहिल्या विजेत्याचे बक्षीस चांदीच्या डॉलरच्या रूपाने हातगाडीत घालून आणले गेले. नामवंतांच्या स्वागताला क्लार्क असे आणि छायाचित्रेही त्याचीच निघत.

त्याच्या नावाचे मोल समुद्रापारही पोहोचले. क्युबाची राजधानी हवाना येथील हॉटेल नॅशनालमध्ये १९५०च्या दशकाच्या मध्यास जो कॅसिनो सुरू झाला, त्यावरही क्लार्कचे नाव लागले. पडद्यामागे मायर लॅन्स्की हा कुप्रसिद्ध सूत्रधार होता आणि त्याला हुकूमशहा बातिस्ताचा वरदहस्त होता. १९५९ च्या क्रांतीने हवानातील हा सारा डोलारा कोसळला.

नाव एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, हा व्यवहार चालतो कसा? कॅसिनोत सर्व उलाढाल रोखीची. दिवसभराची रोकड मोजणीच्या खोलीत येते. तिची नोंद होण्यापूर्वीच काही गड्ड्या बाजूला काढल्या, की त्यांवर ना कर, ना हिशेब. त्या पैशाचे वाटे दूरच्या शहरांतील बेनामी भागीदारांकडे पोहोचत. १९६०च्या दशकाच्या आरंभी एफबीआयने डेझर्ट इनसह अनेक कॅसिनोंच्या कार्यालयांत गुप्त ध्वनिग्राहक बसवले, तेव्हा या चोरट्या वाटपाचा उलगडा होऊ लागला.

अखेरच्या काळात क्लार्क आपला हिस्सा विकून मोकळा झाला. २७ ऑगस्ट १९६५ रोजी, वयाची साठीही न गाठता, त्याचे निधन झाले. दोनच वर्षांनी डॅलिट्झने डेझर्ट इन अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजला विकले. २००० साली हॉटेल बंद झाले, पुढे इमारतीही पाडल्या गेल्या आणि त्या जागी आज विन लास वेगास उभे आहे. डॅलिट्झ १९८९ पर्यंत जगला आणि शहराचा दानशूर नागरिक म्हणून मिरवला. क्लार्कच्या वाट्याला आली ती पाटी, आणि तीही टिकली नाही.

क्लार्कची ही कहाणी गोमंतकीयांनी वाचावी अशी आहे. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना मुभा मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना वाट मोकळी झाली. तेव्हापासून मांडवीतील जहाजांवर वाद झडतात ते मुख्यतः नदी, रहदारी, तरुण पिढी आणि महसूल यांवरून. परवान्यावरील नावामागे पैसा कोणाचा, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. नेव्हाडाने तो उशिरा विचारला. १९५५ साली तेथे स्वतंत्र जुगार नियंत्रण मंडळ आले, १९५९ साली आयोग आला आणि १९६० साली कॅसिनोंत प्रवेश नाकारलेल्या ११ जणांची काळी यादी निघाली. आज तेथे परवाना मागणाऱ्याच्या पैशाचा उगम खणून काढला जातो आणि त्या चौकशीचा खर्चही अर्जदारालाच सोसावा लागतो. क्लार्कला १९४९ साली हीच कसोटी लागली असती, तर वाळवंटातला तो सांगाडा कदाचित अपुराच राहिला असता.